पुराचे पाणी व मंदिराची किल्ली

जुलै २०२१ मध्ये खारेपाटणच्या बाजारपेठेत शुक नदीचे पाणी शिरले. सह्याद्रीवरून लोंढा उतरत असता विजयदुर्गच्या खाडीस भरती असली, म्हणजे पाण्यास समुद्राची वाट लवकर मिळत नाही. याच पाण्यावरून पूर्वी गलबते येत. पुढे गाळाने बंदर निकामी झाले.

हा देवाचा कोप काय, असे कित्येक विचारतात. आम्हांस तसे वाटत नाही. भाविकाचे व अभाविकाचे धान्य सारखेच भिजते. नोहाच्या तारवाची गोष्ट आपण मुलांस सांगतो. पण शेजारी, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, ओला होऊन दारी आला तर? ज्या गावी उपासनामंदिर उंचावर आहे, तेथील उपदेशकाने पावसाळ्यात त्याची किल्ली खिशात घेऊन परगावी जाऊ नये. ती शेजारच्या घरी ठेवावी.