चेहऱ्यासमोरचा हात

लॅपटॉप मिटू नकोस. तो फोटो पुन्हा पडद्यावर लाव. बाकीच्यांनीही इकडे बघा.

धडगावच्या भोंगऱ्या बाजारातली ही बाई. अंगावर सणाचं नवं लुगडं, गळ्यात चांदी, काखेत गुळाची पिशवी. आणि चेहऱ्यासमोर उजवा हात, पंजा थेट तुझ्याकडे. खाली ओळ काय लिहिलीस? ‘सातपुड्याची लाजरी’. अरे, ती लाजत नाहीये, ती नको म्हणतेय. पावरी बोली येत नाही म्हणून शब्द कळले नसतील, पण हातही कळला नाही? पुढचे फोटो बघा. तीच बाई, तोच हात, आणि हा दर वेळी दोन पावलं आणखी जवळ. शेवटच्या फोटोत तिने पदर ओढून पाठ फिरवलीय. हाच फोटो तू स्पर्धेला पाठवायला निघाला होतास! जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवायची होतीस.

जाण्याआधी वाचून जा म्हणून बजावलं होतं. कोणी वाचलं? भोंगऱ्या म्हणजे होळीआधीच्या आठवड्यात भरणारे बाजार. डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कडे, कपडे घ्यायला पाड्यापाड्यांवरून माणसं उतरतात, ढोल वाजवत येतात. तुमच्या टिपणांत त्याचा ‘जोडीदार पळवून नेण्याचा मेळा’ झालाय. बाहेरच्यांनी हे वर्षानुवर्षं छापलं, आदिवासी संघटनांनी त्याला वेळोवेळी हरकत घेतली, आणि तुम्ही तेच पुन्हा उतरवून आणलंत. बाजारहाटाला आलेल्या पोरींकडे तुम्ही ही गोष्ट डोक्यात ठेवून बघत होतात. त्यांचे फोटो तसेच आलेत.

आता काठी गावच्या होळीतला हा बुध्या. कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर ठिपके. हा पोशाख नवसाचा आहे. तो घालणारा माणूस होळीआधी पालनी पाळतो. खाटेवर झोपत नाही, अंघोळ करत नाही, ब्रह्मचर्यानं राहतो. रात्रभर नाचून दमलेल्या त्या माणसाला तुम्ही दंडाला धरून उजेडाकडे वळवलंत. पूजेला बसलेल्या तुमच्या आजोबांना कुणी असं धरून वळवलं असतं, तर घरच्यांनी ऐकून घेतलं असतं? वर त्याने हौसेनं लावलेला काळा गॉगल काढायला लावलात, का तर फोटो ‘अस्सल’ दिसत नव्हता. गॉगल त्याचा, सण त्याचा, अंग त्याचं. अस्सल काय ते ठरवणारे तुम्ही कोण?

‘द पीपल ऑफ इंडिया’ तुम्हाला पहिल्याच सत्रात शिकवलं होतं. 1868 ते 1875 या काळात निघालेले आठ खंड, वॉटसन आणि के यांनी संपादित केलेले. पानावर माणसाचा फोटो चिकटवलेला, सोबत त्याच्या जातीजमातीबद्दल साहेबाचा शेरा. ज्यांच्यावर राज्य करायचं ती माणसं ओळखून ठेवायची होती. परीक्षेत या विषयावर पानंच्या पानं लिहिलीत. आणि परवा स्वतः काय लिहून आणलंत? ‘भिल्ल स्त्री, पारंपरिक वेशात.’ ती पावरा आहे की भिल्ल, कुठल्या पाड्याची, गळ्यातल्या दागिन्याला ती काय म्हणते, यातलं काहीही नाही. लेन्स कुठली वापरली ते मात्र न चुकता नोंदवलंय.

तुमच्यातल्या एकीने फक्त सहा फोटो आणलेत. ती तिथल्या आश्रमशाळेच्या बाईंना सोबत घेऊन फिरली. कडे विकणाऱ्या आजींजवळ आधी बसली, त्यांच्याशी बोलली, मग विचारून फोटो काढला आणि त्यांना दाखवला. दुसऱ्या एका आजींनी नको म्हणताच त्यांच्यादेखत पुसून टाकला. त्या सहाही फोटोंत माणसं आपणहून बघतायत. हे तिला जमलं, मग तुम्हाला काय अडचण होती?

या वर्षी इथून स्पर्धेला एकही फोटो जाणार नाही. त्या बाईचे सगळे फोटो आत्ता, माझ्यासमोर पुसायचे, कार्डातून, लॅपटॉपमधून आणि फोनमधूनही. ‘फोटो पाठवतो’ असं ज्यांना ज्यांना सांगून आलात, त्यांच्या प्रिंट काढायच्या, स्वतःच्या पैशानं. पत्ता एकाचाही घेतलेला नाही, तेव्हा एसटीने धडगावला जायचं, आठवडी बाजारात उभं राहायचं, विचारत विचारत माणूस शोधायचा आणि प्रिंट त्याच्या हातात द्यायची. कॅमेरे तोवर या कपाटात कुलपात राहतील. ज्यांची माणसं सापडणार नाहीत, त्यांनी प्रिंट माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या आणि पुढच्या बाजाराला पुन्हा जायचं.