द्राक्षमळा कोणाचा?

फ्रान्सच्या पूर्व भागात दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे निघाले की बोन या गावापर्यंत, आणि त्याच्याही थोडे पुढे, सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा एक डोंगरउतार लागतो. त्याला कोत-दोर म्हणतात. उतार फार उंच नाही आणि त्याचा पट्टाही चिंचोळा आहे. पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे त्याच्यावर सकाळचे ऊन लवकर पडते आणि चुनखडीच्या जमिनीत पाणी साचून राहत नाही. बर्गंडी या जुन्या प्रांताच्या द्राक्षारसाची कीर्ती मुख्यतः या पट्ट्यावर उभी आहे. दगडी गडग्यांनी आणि पायवाटांनी त्याचे असंख्य तुकडे पाडले आहेत. आपल्याकडे गावातल्या प्रत्येक शेताला जसे पिढ्यानपिढ्यांचे नाव असते, तसेच तेथे प्रत्येक तुकड्याला नाव आहे. या तुकड्यांना तेथील लोक 'क्लिमा' म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला, तेव्हा त्यांची संख्या १,२४७ नोंदली गेली.

यांपैकी रोमाने-काँती नावाचा एक तुकडा जेमतेम साडेचार एकरांचा आहे. २०१८ साली न्यूयॉर्क येथे झालेल्या लिलावात या तुकड्यातील १९४५ सालच्या द्राक्षारसाची एक बाटली ५,५८,००० डॉलरना विकली गेली. तेव्हाच्या दराने ही रक्कम चार कोटी रुपयांहून अधिक होते. त्या वर्षी या मळ्यातून अवघ्या सुमारे सहाशे बाटल्या निघाल्या होत्या. त्यानंतर जीर्ण झालेल्या वेली उपटून नवी लागवड करावी लागली आणि १९५२ पर्यंत या नावाचा द्राक्षारस निघालाच नाही.

वाचकहो, द्राक्षारस प्यावा की न प्यावा, हा या लेखाचा विषय नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये त्याविषयी भिन्न मते आहेत आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. येथे प्रश्न निराळा आहे. ज्या मळ्याचे फळ आज जगातील मूठभर धनिकांनाच परवडते, तो मळा ज्यांनी घडविला ते दारिद्र्याचे व्रत घेतलेले लोक होते. मग तो मळा कोणाचा म्हणावा? ज्याने कसला त्याचा, ज्याच्या नावे कागद आहे त्याचा, की आणखी कोणाचा?

१०९८ साली मोलेम येथील मठाधिपती रॉबर्ट काही सोबत्यांसह आपला मठ सोडून या उताराच्या पूर्वेस असलेल्या सीतो नावाच्या दलदलीच्या रानात राहावयास गेले. जुन्या मठांत संपत्ती वाढली होती, उपासनेचा थाट वाढला होता आणि हाताने काम करण्याची रीत मागे पडली होती. संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे प्रार्थना आणि श्रम ही दोन्ही पुन्हा एकत्र आणावीत, अशी या मंडळींची इच्छा होती. त्यांच्या संघाला पुढे सिस्टर्शियन हे नाव मिळाले. काही वर्षांनी बर्नार्ड नावाचा एक उमराव घराण्यातील तरुण आपल्या आप्तेष्टांना घेऊन त्यांना येऊन मिळाला आणि संघ झपाट्याने वाढला.

सीतोच्या सखल भूमीत द्राक्षे चांगली येत नाहीत. म्हणून बाराव्या शतकाच्या आरंभापासून दहा-बारा किलोमीटरांवरील उतारावर दानाने, अदलाबदलीने आणि खरेदीने या मठाने जमीन मिळविली. तिचा मोठा भाग म्हणजे क्लो द वूजो. सुमारे सव्वाशे एकरांच्या या मळ्याभोवतीची दगडी भिंत १३३६ साली पूर्ण झाली. ती अजून उभी आहे. मठवासी माती तोंडात घालून चाखत आणि मग वेल लावीत, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी मानण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामागील अनुभव खरा आहे. कोणत्या भागात हिवाळ्यानंतर पाला आधी फुटतो, कोठे पाणी साचते, कोणत्या कोपऱ्यातील घड उशिरा पिकतात, हे एका माणसाच्या आयुष्यात पुरते कळत नाही. वेल लावल्यापासून ती ऐन भरात येण्यास कित्येक वर्षे जातात. मठात मात्र एकाने पाहिलेले दुसऱ्याच्या हाती जात असे आणि दुसऱ्याचे तिसऱ्याच्या. येथे काम करणाऱ्याला ही जमीन आपल्या मुलाला देता येणार नव्हती, कारण त्याला मूल नव्हते. ती विकून श्रीमंत होता येणार नव्हते, कारण त्याच्या नावे काही नव्हतेच. तरीही त्याने तिची निगा राखली. मालकी नसेल तर माणूस मन लावून काम करीत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. या उताराचा इतिहास त्या म्हणण्याला सरळ उत्तर देतो.

परंतु हे चित्र येथेच थांबविले तर ते अर्धसत्य ठरेल. मठवासी व्यक्तिशः निर्धन होता. मठ निर्धन राहिला नाही. शेतीचे पुष्कळसे कष्ट ज्यांच्यावर पडत ते व्रतबंधू बहुधा शेतकरी कुटुंबांतून आलेले असत. मठाच्या सभेत त्यांना मत नसे आणि उपासनेच्या वेळी त्यांची जागाही वेगळी असे. जे साधेपणाच्या शोधात रानात गेले, त्यांच्याच वारसांकडे काही पिढ्यांत विस्तीर्ण जमिनी, तळघरे आणि राजदरबारी वजन आले. "मी स्वतःसाठी काहीच ठेवत नाही" असे म्हणणारा माणूस "आमच्या संस्थेसाठी" मात्र किती हाव धरू शकतो, याचे हे एक उदाहरण आहे. ते केवळ परदेशातील नाही आणि केवळ भूतकाळातीलही नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीने २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. सुमारे सात शतके एका हाती असलेला वूजोचा मळा १७९१ साली विकला गेला. पुढे शंभरेक वर्षे तो अखंड राहिला. मग १८८९ साली त्याचे तुकडे पडले. १८०४ च्या नागरी संहितेने सर्व मुलांना वारसाहक्कात समान वाटा दिला होता. त्यामुळे बर्गंडीतील मळे पिढीगणिक विभागले जात होतेच. आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत आणि काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी आहेत.

याच्या उलट गोष्ट क्लो द तार या मळ्याची. तार येथील सिस्टर्शियन व्रतस्थ भगिनींनी तो ११४१ साली विकत घेतला. क्रांतीत तो त्यांच्या हातून गेला, एका कुटुंबाने घेतला, १९३२ साली दुसऱ्याने घेतला आणि २०१७ साली उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांच्या कुटुंबाच्या कंपनीने घेतला. जवळजवळ नऊ शतकांत मालक चारच. त्यांतील साडेसहा शतकांचा काळ त्या भगिनींचा, आणि त्यांची नावे आज कोणाच्याही ओठी नाहीत.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. जे सर्वांचे ते कोणाचेच नसते, हा अनुभव खोटा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील वेलींची मुळे पोखरली. १८७८ साली ती या उतारावर पोहोचली. अमेरिकन वेलीची मुळे ती कीड सोसतात, हे ध्यानात आल्यावर त्या मुळांवर स्थानिक वेलीचे कलम बांधून मळे पुन्हा उभे करण्यात आले. हे काम खाजगी मालकांनी कर्ज काढून आणि कष्ट उपसून केले. आपल्या मुलांसाठी काही राखावे ही ओढ त्यामागे होतीच. नाबोथानेही अहाब राजाला आपला द्राक्षमळा दिला नाही, तो वाडवडिलांचे वतन म्हणूनच. मालकी ही पापाचीच दुसरी बाजू आहे, असे पवित्र शास्त्र शिकवीत नाही. बलवानाच्या लोभापासून दुर्बळाचे रक्षण करणारी भिंत म्हणून ते तिच्याकडे पाहते.

मात्र नाबोथाचे उत्तर नीट ऐकले पाहिजे. मळा माझा आहे म्हणून मी त्याचे वाटेल ते करीन, असे तो म्हणत नाही. मळा वाडवडिलांकडून आला आहे म्हणून तो मला विकता येणार नाही, असे तो म्हणतो. त्याच्या मालकीत अधिकारापेक्षा बंधन मोठे आहे. मोशेच्या नियमशास्त्रातही जमीन कायमची विकण्यास मनाई आहे, कारण ती देवाची आहे. मळ्यात गळून पडलेली द्राक्षे वेचू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत, अशी आज्ञा आहे. दुष्ट मळेकऱ्यांच्या दाखल्यात त्या मळेकऱ्यांचा अपराध आळस हा नव्हता. मळा त्यांनी कसला होता आणि त्यात पीकही आले होते. हाती सोपविलेली वस्तू आपलीच आहे असे त्यांनी ठरविले, हा त्यांचा अपराध होता.

या दृष्टीने बोन येथील धर्मरुग्णालयाची कथा विचार करण्याजोगी आहे. १४४३ साली बर्गंडीच्या ड्यूकचा महामंत्री निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी दीर्घ युद्धाने आणि दारिद्र्याने गांजलेल्या लोकांसाठी ते स्थापिले. १ जानेवारी १४५२ रोजी तेथे पहिला रुग्ण आला. रंगीत कौलांच्या त्या इमारतीत, भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या खाटांवर, पाच शतकांहून अधिक काळ रुग्णांची सेवा झाली. १९७१ साली ते काम आधुनिक रुग्णालयात हलविण्यात आले. लोकांनी या संस्थेला द्राक्षमळे दान दिले. पहिले दान १४५७ सालचे. आज तिच्याकडे सुमारे दीडशे एकरांचे मळे आहेत. १८५९ पासून त्यांच्या द्राक्षारसाचा जाहीर लिलाव होत आला आहे. तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो आणि त्याचे उत्पन्न रुग्णसेवेच्या उपयोगी पडते.

रोलँ हा संत नव्हता. सत्तेच्या जागी राहून त्याने अमाप संपत्ती जमविली होती. ज्याने इतक्या लोकांना गरीब केले त्याने त्यांच्यासाठी निवारा बांधावा हे योग्यच झाले, असा टोमणा अकराव्या लुई राजाच्या नावावर सांगितला जातो. रोलँच्या मनात पश्चात्ताप होता, भीती होती की कीर्तीची इच्छा, याचा न्याय करणे आपले काम नाही. रुग्णालयासाठी त्याने रोजिए व्हान डेर वेडन याच्याकडून जे भव्य चित्र करवून घेतले, त्याचा विषय अंतिम न्याय हा आहे. तेवढे सूचक आहे. आपल्या विचाराला महत्त्वाचे आहे ते असे की, त्याने आणि त्याच्यामागून अनेक सामान्य दात्यांनी मळ्याचे फळ अशा माणसांशी बांधून टाकले की ज्यांची नावे त्यांना कधी कळणार नव्हती. आजही त्या लिलावात चढी बोली लावणारा श्रीमंत असतो. परंतु त्याचा पैसा कोणाच्या तरी खाटेपर्यंत पोहोचतो. पडलेली द्राक्षे वेचू नका, या आज्ञेचे हे दूरचे रूपच होय.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. बोन येथे द्राक्षतोडणी केव्हा सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासून उपलब्ध आहेत. २०१९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी तोडणी सरासरीने सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होत असे; १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस आधी सुरू होऊ लागली आहे. सिस्टर्शियनांची भिंत चोराला आणि गुरांना अडवीत होती. तापत चाललेल्या हवेला ती अडवू शकत नाही. त्या मळ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव नाही. तरी आपल्या कारखान्यांचा आणि वाहनांचा धूर तेथपर्यंत पोहोचतो. म्हणजे जे आपल्या मालकीचे नाही, त्याचेही आपण काही अंशी कारभारी आहोत. आपण हे कारभारीपण मागून घेतले नव्हते; परंतु त्याचा हिशेब आपल्याला चुकणार नाही.

आपल्या मंडळ्यांना हा प्रश्न परका नाही. देशभर आपल्या अनेक मंदिरांच्या, शाळांच्या, रुग्णालयांच्या आणि मिशन कंपाउंडांच्या जमिनी कोणीतरी आपल्या हाती सोपविल्या आहेत. देणाऱ्यांत परदेशातील अनोळखी माणसे होती, तशीच मूठभर धान्य बाजूला काढणाऱ्या आपल्या आज्याही होत्या. त्या जमिनींचे भाव आज चढले आहेत, आणि त्यांच्यासाठी बंधू बंधूविरुद्ध न्यायालयात उभा राहिलेला आपण पाहिला आहे. अशा वेळी कागद कोणाच्या नावे आहे, हे न्यायालय ठरवील. ते ठरविणे आवश्यकही आहे. पण ज्या खाटेसाठी, ज्या बाकासाठी ती जमीन दिली गेली, त्या खाटेवर आणि त्या बाकावर आज कोण आहे, हे न्यायालय विचारणार नाही. ते आपल्यालाच विचारावे लागेल.

क्लो द तारच्या भगिनी रोज सकाळी कोणत्या विचाराने मळ्यात जात असतील, ते आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी काही लिहून ठेवले असले तरी ते आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांच्या हातची एकही वेल आज जिवंत नाही. मळा मात्र अजून फळ देतो. आपल्यानंतर येणाऱ्यांना आपली नावे आठवतील की नाही याची चिंता न करता आपल्या वाट्याची ओळ छाटून, बांधून, दुसऱ्याच्या हाती सुस्थितीत देता आली, तर आपल्या धन्यापुढे उभे राहताना आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही.