येणे आणि येते असे वाटणे

शाळा-महाविद्यालयांत शिकविले जाणारे बहुतेक विषय विद्यार्थ्याला जगाविषयी काही ना काही सांगतात. परंतु अकरावी-बारावीच्या वर्गांत पुष्कळदा 'सोपा' म्हणून निवडला जाणारा मानसशास्त्र हा विषय स्मृती, विस्मरण, अवधान आणि अध्ययन यांच्या रूपाने खुद्द वाचणाऱ्याच्याच मनाचा तपशील त्याच्यापुढे मांडतो. असे असूनही परीक्षेची तारीख तोंडावर आली की हाच विद्यार्थी विस्मरणाची कारणे एका रात्रीत घोकून काढतो. म्हणजे ज्या नियमाची व्याख्या तो पाठ करीत असतो, त्याच नियमाकडे त्याच घटकेस पाठ फिरवितो. या विसंगतीचे खापर त्याच्या आळसावर फोडून मोकळे होणे सोयीचे खरे. पण रात्रभर जागणाऱ्याला आळशी तरी कसे म्हणावे? तिचे मूळ एका भ्रमात आहे, आणि तो भ्रम असा की जी गोष्ट ओळखीची वाटते, ती आपल्याला येते.

एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव प्रत्येक मार्गदर्शिकेत असते. निरर्थक अक्षरसमूहांच्या मालिका स्वतःच पाठ करून, काही काळाने त्याच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात याची त्याने काटेकोर मोजदाद केली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. तासाभराने ही बचत निम्म्याहून खाली येते, दिवसाअखेर ती एक-तृतीयांशाच्या आसपास उरते आणि पुढे महिनाभर घसरण मंदावते, एवढे विद्यार्थी आलेखासह लिहून येतात. परंतु त्याच ग्रंथातील दुसरा निष्कर्ष, जो त्यांच्या प्रत्यक्ष उपयोगाचा आहे, तो सहसा दुर्लक्षित राहतो. बारा अक्षरसमूहांची मालिका एका बैठकीत ६८ वेळा घोकल्याने दुसऱ्या दिवशी जेवढा लाभ पदरी पडला, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या अवघ्या ३८ आवर्तनांनी झाला. श्रमांची एवढी काटकसर ज्या पद्धतीने साधते ती अभ्यासक्रमातच नमूद असताना, तिचा अंमल मात्र अभ्यासाच्या खोलीत होत नाही.

आवर्तनांच्या विभागणीइतकेच त्यांच्या स्वरूपालाही महत्त्व आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक गद्य उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत, उतारा दूर ठेवून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणाऱ्यांना ८३ टक्के आशय आठवला आणि लिहिणाऱ्यांना ७१; आठवड्यानंतर मात्र पहिले ४० टक्क्यांवर उतरले आणि दुसरे ६१ वर टिकले. विशेष हे की आपल्याला उतारा दीर्घकाळ लक्षात राहील असा अधिक भरवसा वाटत होता तो वाचणाऱ्यांनाच! आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणण्याची जी चाल होती तिच्यामागे कोणतीही प्रयोगशाळा नव्हती. तथापि रोज थोडे, पुस्तकाविना, मोठ्याने म्हणायचे, आणि चुकल्यास वडीलधाऱ्यांनी तेथल्या तेथे सुधारायचे, या तिच्या शिस्तीत विभागणी आणि आठवण ही दोन्ही तत्त्वे नांदत होती.

पाढ्यांना जे पुरते ते संकल्पनांना पुरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा आठवून सांगताना इंग्रज वाचक तिला नकळत आपल्या परिचयाच्या साच्यात बसवीत. त्यांच्या कथनात डोंगीची साधी होडी झाली आणि सीलच्या शिकारीची मासेमारी. ऋण प्रबलन या संज्ञेच्या वाट्याला वर्गावर्गांत नेमके हेच येते. 'ऋण' या शब्दाने मनात काहीतरी वाईट सूचित होते, वाईटाची सांगड शिक्षेशी पडते आणि उत्तरपत्रिकेत ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असे लिहिले जाते. वस्तुतः मुलगा अभ्यासाला बसताच आईची कटकट थांबते, आणि त्या सुटकेपायी तो पुढेही तसाच बसू लागतो, हे ऋण प्रबलन. त्याच्या हातचा मोबाइल काढून घेतल्याने त्याचे एखादे वर्तन कमी होते, ही शिक्षा. पहिल्यात वर्तन बळावते, दुसऱ्यात ते ओसरते. हा भेद व्याख्या दहादा वाचून पक्का होत नाही. घरातील चार प्रसंग घेऊन त्यांची वर्गवारी स्वतः करावी लागते, आणि तीही मित्राने हरकती घेतल्यावर टिकावी लागते.

हाच नियम थोडा पुढे नेला तर विद्यार्थ्याला स्वतःच्या टाळाटाळीचा उलगडा होतो. अवघड प्रकरण उघडताच छाती दडपते, पुस्तक मिटताच हायसे वाटते. हे हायसे वाटणेच मिटण्याच्या सवयीला खतपाणी घालते. ज्याला हे उमगले त्याने प्रबलनाची व्याख्या तर जाणलीच, पण ते प्रकरण दहा मिनिटे उघडे ठेवण्याचे प्रयोजनही जाणले. प्रयोगशाळेचे निष्कर्ष म्हणजे सरकारी हुकूम नव्हेत, आणि प्रत्येक मनाची चाल सारखी नसते, हे मान्य करूनही आपल्या मनावर असा एखादा प्रयोग करून पाहण्याची मुभा या विषयाइतकी दुसरा कोणता विषय देतो?

यास्तव मानसशास्त्राच्या शिक्षकाने 'समजले का?' हा प्रश्न विचारणे सोडून द्यावे, कारण त्याचे उत्तर ओळखीच्या भावनेतून येते, ज्ञानातून नव्हे. त्याऐवजी तासाच्या आरंभी मागील महिन्यातील प्रकरणावर दोन-तीन प्रश्न, गुणांचा धाक न दाखविता, कोऱ्या कागदावर लिहून घ्यावेत आणि चुका लगोलग चर्चेत आणाव्यात. आपल्या शिक्षणव्यवस्थेने परीक्षेला निकालाचे साधन मानून तिला वर्षाच्या शेवटी नेऊन बसविले. या शास्त्राची साक्ष मात्र अशी की परीक्षा हे प्रथम शिकण्याचे साधन आहे आणि मोजण्याचे नंतर. ही साक्ष पटायची असेल तर तिची सुरुवात, दुसऱ्या कुठल्या नव्हे, तर मानसशास्त्राच्याच वर्गातून व्हावी, हे उचित ठरेल.