पत्रिका बंद करण्याआधी

मराठीतल्या संशोधन पत्रिका आता बंद कराव्यात, असा सल्ला एका प्राध्यापक मित्रांनी परवा चर्चासत्रात दिला. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत जगातली सुमारे १३ हजार जर्नल्स सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. तिथे लेख पिअर रिव्ह्यूच्या, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून होणाऱ्या परीक्षणाच्या, चाळणीतून येतो. आपल्याकडे ती चाळणी कधी नव्हतीच, असे त्यांचे म्हणणे. टाळ्या पडल्या. मला हे म्हणणे इतिहासाला धरून वाटत नाही, आणि घातकही वाटते.

जर्नल जन्मले तेव्हा ही चाळणी कुठेच नव्हती. हेन्री ओल्डनबर्गने मार्च १६६५ मध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ काढले ते पदरमोड करून. तो रॉयल सोसायटीचा सचिव; युरोपभर पत्रे लिहिणे हा त्याचा रोजचा उद्योग. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक त्याला पत्रे पाठवायचा. लेव्हेनहूक विद्यापीठात शिकलेला नव्हता, त्याला लॅटिन येत नव्हते. तो लिहायचा डचमध्ये. ऑक्टोबर १६७६ मध्ये त्याने पाण्यात दिसलेल्या अतिसूक्ष्म जिवांविषयी लांबलचक पत्र धाडले. ओल्डनबर्गने त्यातला निवडक भाग इंग्रजीत आणून पुढच्या वर्षी छापला. सोसायटीच्या सभासदांचा विश्वास बसेना. मग लेव्हेनहूकने ते जीव स्वतः पाहिलेल्या माणसांच्या लेखी साक्षी पाठवल्या. त्यांत धर्मोपदेशकही होते. नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीच्याच रॉबर्ट हूकने मिरी भिजवलेल्या पाण्यातले ते जीव सोसायटीत सर्वांना दाखवले, तेव्हा कुठे वाद मिटला. ओल्डनबर्ग त्याआधीच, सप्टेंबरमध्ये वारला होता. छापायचे, शंका घ्यायची, पुन्हा करून पाहायचे: परीक्षण ते हेच. ‘नेचर’ने बाहेरच्या परीक्षकांची सक्ती केली ती १९७३ मध्ये, डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा लेख त्याशिवायच छापला गेला.

आपल्याकडे संपादक गुंजीकरांचे ‘विविधज्ञानविस्तार’ हे मराठी मासिक १८६७ मध्ये निघाले आणि सत्तर वर्षे चालले. त्याला ज्ञानाच्या हिशेबातून वगळणाऱ्याने निदान त्याचे जुने अंक चाळावेत.

तरीही मित्रांचा राग अगदीच अनाठायी नाही. प्राध्यापकांच्या बढतीसाठी छापलेल्या लेखांचे गुण मोजायला लागल्यापासून आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक घेऊन, पैसे भरेल त्याचा लेख आठवड्यात छापणारी दुकाने उघडली. त्यांतली काही मराठीत आहेत, इंग्रजीतही भरपूर आहेत. त्यांना आवर घालायला विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य पत्रिकांची ‘केअर’ यादी केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती गुंडाळून पत्रिकांची निवड संस्थांवर सोपवली. अशी दुकाने बंदच व्हावीत, इथवर मी मित्रांसोबत आहे. पण रोग भाषेचा नाही. लेख वाचून लेखकाला उलट पत्र लिहिणारा, पुरावा मागणारा, दुसऱ्याकडून पडताळून घेणारा संपादक आपण नेमतच नाही. तास संपल्यावर, विनामोबदला, कुणीतरी प्रुफे तपासतो आणि आपण त्यालाच संपादन म्हणतो.

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांना ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. तो खर्च व्हावा, मला त्याचे दुःख नाही. मात्र तालुक्याच्या शाळेतला एखादा शिक्षक वर्षानुवर्षे विहिरींच्या पाण्याची पातळी वहीत टिपत असेल, मराठीत, तर त्याने ती वही कुणाकडे पाठवावी? त्या १३ हजारांत तिला जागा नाही. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या मराठी पत्रिकेला एक पूर्णवेळ, पगारी संपादक द्यावा, आणि परीक्षकाचे टिपण लेखाशेजारीच छापावे. मित्रांनी पुढच्या चर्चासत्रात या मागणीला विरोध करून दाखवावा.