इतर परिस्थिती कायम असताना

सरावाच्या प्रश्नात कधी पाऊस पडत नाही. गाडी ताशी ६० किलोमीटरने निघते आणि साठनेच पोचते. नळ टाकी भरत राहतो, मध्येच पाणी जात नाही. कप्पीवरून जाणाऱ्या दोरीला वजन नसतं. टेबलाला घर्षण नसतं. रसायनशास्त्रातला वायू तर इतका आदर्श असतो की तसा कुठेच सापडत नाही. आणि अर्थशास्त्रात मागणीचा नियम सांगायच्या आधी एक अट येते, इतर परिस्थिती कायम असताना.

हैदराबादच्या नामपल्लीत राहणाऱ्याला यातलं गाडीचं गणित जरा गमतीचं वाटतं. आमचं स्टेशन टोकाचं. रूळ इथे संपतात. मुंबईहून निघालेली हुसेनसागर एक्स्प्रेस पुणे, सोलापूर, वाडी करत इथवर येते. दोन स्टेशनांमधलं अंतर आणि गाडीचा वेग माहीत असला तरी ती स्टेशनाबाहेर सिग्नलला किती वेळ उभी राहील, हे कुठल्या सूत्रात बसत नाही. घ्यायला गेलेला माणूस मात्र ते धरूनच घरून निघतो.

तेलंगणाच्या इंटरमीडिएट, म्हणजे अकरावी-बारावीच्या, बोर्डाचं कार्यालय याच नामपल्लीत आहे. लोकसेवा आयोगाचंही. म्हणजे अकरावीच्या पोरापासून तिशी ओलांडलेल्या उमेदवारापर्यंत सगळ्यांचे प्रश्न शेवटी या एका वस्तीच्या पत्त्यावर येऊन पडतात. इथली मुलं आपली ओळख शाखेने नाही, अक्षरांनी सांगतात. कोणी एमपीसी (गणित, भौतिक, रसायन), कोणी बायपीसी (गणिताऐवजी जीवशास्त्र), कोणी एमईसी (गणित, अर्थशास्त्र, वाणिज्य). प्रश्नांच्याही जाती ठरलेल्या. व्हेरी शॉर्ट, शॉर्ट, लाँग. गणितात वर्षानुवर्षं लाँगचे सात यायचे आणि त्यातले पाच सोडवायचे. दोन सोडून द्यायची ही मुभा मला फार शहाणपणाची वाटते. पुढच्या आयुष्यात ती कोणी देत नाही.

ओळखीच्या एका घरातली मुलगी एमईसीला आहे. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला, कोपऱ्याला स्टेपल मारलेला प्रश्नसंच घेऊन ती पहाटे बसते. परवा तिच्यासमोर मागणीच्या लवचिकतेचं उदाहरण होतं. वस्तूची किंमत ५० रुपयांवरून ४० झाली, मागणी २०० वरून २६० झाली. किंमत २० टक्क्यांनी उतरली, मागणी ३० टक्क्यांनी वाढली. तिसाला विसाने भागायचं, उत्तर दीड. तिने उत्तराभोवती चौकट केली, शेवटचं पान उघडून ताडून पाहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. मिनिटभराचं काम.

मी मात्र त्या वाढलेल्या साठ नगांपाशी थांबलो. हे साठ नग भाव उतरला म्हणूनच खपले? कोणाचा पगार झाला असेल. कोणाकडे पाहुणे असतील. शेजारचं दुकान बंद असेल. प्रश्नाने या सगळ्यांना दाराबाहेर ठेवलं आहे. आल्फ्रेड मार्शलने आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात याला चांगली उपमा दिली आहे. मधेमधे येणारी कारणं काही काळ कोंडवाड्यात घालावीत, म्हणजे एका कारणाकडे नीट पाहता येतं. मग एकेक करून बाहेर सोडावीत. आपल्याकडे कोंडवाडा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गुरं तिथे कायमची राहत नाहीत, हेही सांगावं लागत नाही.

भौतिकशास्त्रही तेच करतं. आधी घर्षण नाही म्हणतं, पुढच्या धड्यात ते हळूच आत घेतं. गणिताची गोष्ट थोडी वेगळी. तिथे ‘समजा’ म्हटलं की तेवढंच जग. बाहेर थांबलेलं कोणी नसतंच. गणित आवडणाऱ्यांना तिथे जी शांतता मिळते ती बहुधा यामुळेच.

सोडवणाऱ्या मुलांची परिस्थिती मात्र कोणी कायम ठेवलेली नसते. २०१९च्या एप्रिलमध्ये इंटरच्या निकालात चुका झाल्या. आईबाप बोर्डाच्या दारात येऊन उभे राहिले. सरकारने नेमलेल्या समितीलाही चुका आढळल्या. त्या निकालानंतर काही मुलांनी जीव दिला. याविषयी अधिक लिहवत नाही.

बोर्डापासून फार लांब नाही ते नुमाइशचं मैदान. दरवर्षी साधारण १ जानेवारीला भरणारं हे प्रदर्शन म्हणजे आता शाली, लोणची, आकाशपाळणे आणि गर्दी. सुरुवात मात्र एका प्रश्नातून झाली. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांना हैदराबाद संस्थानाची आर्थिक पाहणी करायची होती. तेव्हा मराठवाडाही या संस्थानात होता. परभणीचा, नांदेडचा, बीडचा शेतकरी काय पिकवतो, काय खातो, किती देणं लागतो, हाही त्याच प्रश्नाचा भाग. यात दिलेलं असं काहीच नव्हतं. आकडे घरोघर जाऊन आणायचे, आणि त्यासाठी लागणारा पैसाही आधी उभा करायचा. म्हणून त्यांनी १९३८ साली पब्लिक गार्डनमध्ये प्रदर्शन भरवलं. १९४६ मध्ये ते आताच्या मैदानावर आलं.

या पदवीधरांनीही कधीतरी लवचिकतेचं उदाहरण सोडवलं असणार, उत्तराभोवती चौकट केली असणार. कोंडवाड्याचं दार आपण होऊन उघडायची हिंमत त्यांना त्या चौकटींनीच दिली असेल, असं मला वाटतं. एका कारणाकडे धड पाहता येत नाही त्याला दहा कारणं एकदम अंगावर आली की काही सुचत नाही. घोकंपट्टी म्हणून सरावाच्या प्रश्नांना नाकं मुरडणारे हे विसरतात. आणि शेवटचं पान हेच जग मानणारे दुसरं काही विसरतात.

पाहणीसाठी सुरू झालेल्या त्या प्रदर्शनाच्या उत्पन्नावर पुढे शाळा-कॉलेजं निघाली. सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय तर त्याच मैदानात आहे. जानेवारीत आतल्या वर्गात इतर परिस्थिती कायम असते आणि बाहेर दुकानं मांडलेली असतात. संध्याकाळी काश्मिरी शालीच्या दुकानापुढे एखादी बाई उभी राहते. पोत बोटांनी चाचपते, दुकानदाराकडे पाहते, थंडी अजून किती दिवस राहील याचा अंदाज घेते. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर येते आणि तरीही न घेता पुढे जाते. प्रदर्शन १५ फेब्रुवारीच्या सुमाराला उठतं. माल परत न्यायचा म्हणजे भाडं आलं, हे तिला ठाऊक असतं. ती शेवटच्या आठवड्यात पुन्हा येणार असते. अर्थशास्त्राच्या मुलांनी तिच्यामागून तासभर हिंडायला हरकत नाही. पण तेव्हा नेमकी इंटरवाल्यांची परीक्षा तोंडावर आलेली असते.