चुकून जमा

माझ्या गुलाबावर काळे ठिपके पडले, त्याबद्दल शेजारच्या अप्पांनी माझी माफी मागितली. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

हकीकत अशी. अप्पांची कुंडी आणि माझी कुंडी एकाच कठड्यावर. श्रावणात दोघांच्याही पानांवर झालरीच्या कडेचे काळे ठिपके उमटले. पानं पिवळी पडून गळू लागली. अप्पा भले गृहस्थ. "माझ्याच झाडाचं तुमच्या झाडाला लागलं हो," म्हणत त्यांनी चक्क हात जोडले. मी "चालायचंच" म्हणालो. तेही मोठ्या मनानं!

रात्री पुस्तक उघडलं. ही बुरशी पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पसरते आणि पान सात-आठ तास ओलं राहिलं की रुजते. पाणी द्यावं ते सकाळी, बुंध्याशी. मी बँकेतून आल्यावर दिवेलागणीला झारीनं डोक्यावरून अभ्यंगस्नान घालतो. गळलेली पानं उचलावीत, तर मी ती खत होईल म्हणून कुंडीतच ठेवतो. वर पत्रा आहे, तेव्हा पावसाला दोष देण्याचीही सोय नाही. शिवाय ठिपके आधी माझ्याकडे दिसले होते. मला ते शोभेचे वाटले होते.

बँकेत एकाची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यात पडली, तर खातेदार गप्प बसला म्हणून ती त्याची होत नाही. वीस वर्षं मी हे लोकांना ऐकवतोय. इथं अप्पांची दिलगिरी माझ्या खात्यात जमा होती, आणि मी गप्प!

म्हटलं, बोलण्यापेक्षा काम करावं. मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १० लिटर. झालं बोर्डो मिश्रण. दोन कुंड्यांना दहा लिटर जास्तच, पण अपराधाच्या मानानं ठीक. त्याची जन्मकथाही माझ्या सोयीची. फ्रान्समध्ये बोर्डोकडचे मळेवाले रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद-चुना मारत, तो वाटसरूंना विष वाटावा आणि चोऱ्या थांबाव्यात म्हणून. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं, की त्याच वेलींवर केवडा रोग नाही. सोंगातून औषध निघालं! मग माझ्या मौनातून शेजारधर्म निघाला तर बिघडलं कुठं?

रविवारी दोन्ही झाडांची रोगट पानं खुडली, फवारणी केली. अप्पा चहा घेऊन आले. वहिनींना म्हणाले, "बघ, चूक आपली, आणि राबताहेत हे."

चहा घशाखाली उतरेना. शेवटी म्हणालो, "अप्पा, संध्याकाळी झाडाला डोक्यावरून पाणी घालू नये म्हणतात."

"मी कुठं घालतो? तुम्ही घालता," अप्पा म्हणाले, आणि बशीतला चहा फुंकत राहिले.