रुपया पारखताना

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात एखादा जुना चांदीचा रुपया असतो. कुठे राणीछाप, कुठे राजाछाप. कधी तो आजीच्या गाठोड्यातून आलेला असतो, कधी सणाच्या तोंडावर बाजारातून घेतलेला. आज तसा एक रुपया समोर घेऊन बसू. तो खरा की खोटा हे ठरवायचं आहे, पण घाईने नाही. थोडा निवांत वेळ काढा. उजेड एका बाजूने येईल अशा खिडकीशी बसा. खाली जाडसर सुती कापड अंथरा. हात धुऊन कोरडे करा.

चिंच, लिंबू, रांगोळी, पांढरी पावडर यांतलं काहीही रुपयाला लावू नका. चांदीवरचा काळपटपणा हवेतल्या गंधकाने सावकाश चढतो आणि तो कुठे दाट, कुठे विरळ आहे यावरून बरंच कळतं. घासून लख्ख केलेला रुपया सुंदर दिसतो, पण सांगण्यासारखं पुष्कळ काही त्याच्याकडे उरत नाही.

रुपया दोन बोटांत कडेने धरा. अजून पाहू नका. आधी स्वतःला विचारा: हा खरा निघावा असं मला वाटतंय का? वाटत असेलच. घरची आठवण त्यात गुंतलेली असते, किंवा दिलेले पैसे. त्या इच्छेला नावं ठेवायचं कारण नाही. ती आपल्या शेजारी बसली आहे एवढं फक्त ध्यानात असू द्या.

आता एक साधं लोहचुंबक रुपयाजवळ आणा. रुपया चिकटला, तर तो चांदीचा नाही, प्रश्न मिटला. चिकटला नाही, तर काय कळलं? फारच थोडं. तांबं चिकटत नाही, पितळ चिकटत नाही, शिसंही चिकटत नाही. इथे क्षणभर थांबा, कारण पारखण्याचं मर्म इथेच आहे. एकेक परीक्षा ‘नाही’ म्हणू शकते. ‘हो’ म्हणायला एकटी परीक्षा कधीच पुरत नाही. ‘हो’ हे पुष्कळ प्रश्नांना टिकून उरलेलं उत्तर असतं.

रुपया काट्यावर ठेवा. सराफाचा लहान काटा असेल तर उत्तम. 1835 पासून कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखा रुपया चालू केला, तेव्हा त्याचं वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम ठरलं. तोळाही तेवढाच. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, उरलेलं तांबं. हे माप शंभर वर्षांहून जास्त काळ टिकलं. हातोहात फिरलेला रुपया थोडा हलका भरेल. ती झीज आहे. पण रुपया दहा ग्रॅमच्याही खाली उतरला, तर नुसत्या झिजेने तेवढं होणार नाही. रुपया गुळगुळीत झालेला नसताना वजन एवढं कमी असेल, तर शंका धरा.

आता पेलाभर पाणी घ्या. पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. रुपयाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला लागणार नाही, असा हाताने धरून ठेवा. काटा आता रुपयाचं वजन दाखवत नाही; रुपयाने किती पाणी सारलं ते दाखवतो. पुऱ्या वजनाच्या जुन्या रुपयाला हा आकडा 1.13 ग्रॅमच्या आसपास येतो. रुपयाचं वजन या आकड्याने भागा. उत्तर 10.3 च्या आसपास आलं, तर धातू जुन्या रुपयाच्या चांदीशी जुळतो. तांब्याला हे उत्तर नऊच्या थोडं खाली येतं, जर्मन सिल्व्हरला त्याहूनही कमी. खोटं करणारा आकार जुळवू शकतो, वजनही जुळवू शकतो. हलक्या धातूत दोन्ही एकदम जुळवणं त्याला जमत नाही. वजन भरायला रुपया जाड करावा लागतो, नाहीतर रुंद.

उत्तर 9.5 आलं तर? रुपया बाजूला टाकू नका. त्यावरचं साल वाचा. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या निम्म्यात तांबं, निकेल आणि जस्त मिसळलं. वजन मात्र 11.66 ग्रॅमच राहिलं. 1944 चा अगदी खरा रुपया पाण्याच्या परीक्षेत 9.5 च्या जवळपासच येणार. आणि 1947 चा रुपया तर निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो आणि तरीही टांकसाळीचाच असतो. म्हणजे ‘नाही’ म्हणतानाही घाई चालत नाही. आपण विचारलेला प्रश्न त्या सालाच्या रुपयाला लागू होता का, हे आधी पाहावं लागतं. माणसांच्या बाबतीतही हे आठवत राहावं इतकं ते खरं आहे.

आता भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं, सराफ डोळ्याला लावतात तसलं. चेहऱ्याकडे मागाहून जा. आधी एकच अक्षर निवडा. टांकसाळीत रुपया दोन ठशांमध्ये जबर दाबाखाली पाडला जातो. धातू ठशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो. म्हणून अक्षराची बाजू सरळ उभी राहते आणि जमिनीला मिळते तिथे स्पष्ट कोन दिसतो. साच्यात ओतलेल्या नकलेत तोच कोन गोलसर होतो, वापरलेल्या साबणासारखा. सपाट जागेत बारीक खड्डे दिसतात; ओतताना अडकलेल्या हवेचे ते ठसे असतात. एका अक्षरावर हे नीट पाहून झालं की दुसऱ्यावर जा, मग कडेच्या मणीवजा दात्यांवर. डोळ्याला सवय लागायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला द्या.

रुपया आडवा करून कडेवरच्या उभ्या रेघा पाहा. त्या सारख्या अंतरावर हव्यात. कडेभोवती एखादी शिवण किंवा कानशीने घासल्याची खूण दिसली, तर ते ओतकाम समजा. 1940 नंतरच्या रुपयांत या रेघांच्या मधोमध एक खाच फिरवलेली आहे. नक्कल करणं अवघड जावं म्हणूनच ती घातली होती. आणि एकाच दुकानातल्या दोन रुपयांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा दिसला, तर दोन्ही खाली ठेवा. ओरखडा ज्याचा त्याचा असतो. जुळा ओरखडा साच्यातूनच येतो.

आता झिजेकडे या आणि इथे रेंगाळा. राणीच्या गालावर, कानावरच्या केसांवर, मुकुटाच्या उंच भागावर बोट न लावता फक्त नजर फिरवा. जे उंच ते आधी झिजतं. अक्षरांच्या मधल्या खोलगट जागी काळपटपणा साठून राहतो, कारण तिथे बोट पोचत नाही. खोट्याला जुनं दाखवण्यासाठी काळं केलेलं असतं, तेव्हा तो काळेपणा बहुधा सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो, किंवा खोल जागाच घासलेली दिसते. खरी झीज हातांनी केलेली असते. पेठेतल्या व्यापाऱ्याने हा रुपया घेतला, शेतकऱ्याने सारा भरताना दिला, कुणी बाईने लुगड्याच्या टोकाला गाठ मारून बाजारात नेला. त्यातल्या कित्येकांनी घेण्याआधी तो वाजवला, चाचपला, उजेडात धरला. गावगाड्यात नाणी पारखायला पोतदार असे. पेठेत सराफ बसलेले असत. काही रुपयांवर टोकदार अवजाराने केलेली बारीक खूण दिसते; ती बहुधा सराफाच्या परीक्षेची असते. आज ती डाग वाटते, पण कुणीतरी इथे शंका घेतली, तपासलं आणि मग पुढे जाऊ दिलं, असं ती सांगते. भिंग धरून बसलेले तुम्ही त्याच रांगेतले पुढचे आहात.

मग रुपया वाजवा. फरशीवर आपटू नका. तर्जनीच्या टोकावर तो तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याने कडेला हलकेच स्पर्श करा. चांदीचा नाद उंच असतो, बारीक होत जातो आणि ऐकू येईनासा होईपर्यंत टिकतो. शिसं मिसळलेलं नाणं बद्द वाजतं. पण माळेत ओवायला कधीकाळी कडी डाखलेली असेल, किंवा बारीक तडा गेला असेल, तर खरा रुपयाही मुका होतो. म्हणून नादाची साक्ष ऐका, पण निकाल तिच्या एकटीवर सोपवू नका.

शेवटी साल आणि मजकूर. 1835 च्या रुपयावर विल्यम राजाच्या नावापुढचा चौथा हा अंक चार उभ्या रेघांनी लिहिलेला आहे. ती चूक नाही, तसाच तो पाडला गेला. 1862 हे एकच साल घातलेले रुपये पुढे 1874 पर्यंत निघत राहिले. 1877 पासून व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आलं. 1862 च्या रुपयावर ‘एम्प्रेस’ दिसलं, तर बाकी काही पाहायला नको. एका बाजूला राम दरबार, दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव आणि 1818 साल अशी नाणी बाजारात पुष्कळ मिळतात; ती कंपनीने कधी चलनात आणलीच नव्हती. 1911 च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, ओरड झाली आणि 1912 मध्ये तो सुधारला गेला. 1939 चा रुपया फार दुर्मीळ. जिथे किंमत मोठी, तिथे साल खोदून बदललेले नमुनेही मिळतात. तिथे भिंग फक्त आकड्यावर धरा आणि शेजारच्या आकड्याशी त्याची उंची, जाडी आणि झीज ताडून पाहा.

हे सगळं जुळलं तरी एक शंका राहते: खऱ्या चांदीत पाडलेली नक्कल. वजन, पाणी, नाद, सगळ्यांत ती उतरते. सराफाकडचं धातू मोजणारं यंत्रही पृष्ठभागाच्या आत फारसं जात नाही, आणि धातू खरा आहे एवढंच ते सांगणार. अशा ठिकाणी ओळखीचा डोळाच लागतो. तो खरी नाणी पुन्हा पुन्हा पाहून येतो. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था अशा ठिकाणी जा आणि खरी नाणी डोळे भरून पाहा. सच्चेपणाची ओळख पटलेल्याला खोटेपणाची यादी पाठ करावी लागत नाही.

आता रुपया खाली ठेवा आणि जेवढं कळलं तेवढंच बोला. ‘धातू जुळतो, ठसा जुळतो, सालाबद्दल शंका आहे’ हेही पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे.

आणि रुपया खोटा निघाला तर? तो चलनात असतानाही खोटे रुपये फिरत होते, आणि प्रत्येकाचा तोटा ज्याला पारखता आलं नाही अशा शेवटच्या हातावर पडत होता. एका रुपयाला मोल होतं त्या काळात हा तोटा लहान नव्हता. खोटं नाणं बनवणारा एकच असतो, पण ते जिवंत ठेवतो तो ओळखूनही गुपचूप पुढे सरकवणारा. पारखण्याचं कसब म्हणूनच केवळ स्वतःला वाचवण्यासाठी नाही. खोटा रुपया कागदी पाकिटात घाला, त्यावर ठळक अक्षरांत ‘नक्कल’ लिहा आणि मुलांना शिकवायला वापरा. विकायचा झाला तर तेच लिहून, तेच सांगून विका. तुमच्यानंतर त्याने कुणालाही फसवता कामा नये.